भागाबाईचं दाभण

धरणगावच्या अलीकडे कापसाच्या वावरांत बुडालेलं एक खेडं आहे. तिथे कुणाचं लेकरू श्वास घेताना घुरघुरायला लागलं, की आधी आठवण व्हायची ती भागाबाईची. देवाची नंतर. डॉक्टरची तर सगळ्यात शेवटी, तीही घरी कुणी शहाणा पाहुणा आलेला असला तर. लेकराची छाती वाजते, दूध ओढताना धाप लागते, बरगडी उडते, म्हणजे त्याला 'डबा' झाला, आणि डब्याला औषध एकच, डाग. पोती शिवायचं दाभण चुलीच्या निखाऱ्यात तापवायचं आणि लेकराच्या पोटावर, बेंबीच्या आजूबाजूला टेकवायचं. आता तुम्ही म्हणाल, दुखणं छातीत आणि डाग पोटावर, हे कुठलं शास्त्र? रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पण हे आज म्हणायला सोपं आहे. त्या काळी त्या गावात असं कुणी बोललं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं, आणि सगळ्यात आधी भागाबाईनंच काढलं असतं.

तिला हे काम सासूकडून आलं. सासू ताईबाई, जिभेनं फटकळ आणि हातानं पक्की. तिचे नियम होते. बोलावल्याशिवाय जायचं नाही. ज्या घरी डाग दिला त्या घरचं पाणी प्यायचं नाही. सुपारीचं खांडसुद्धा घ्यायचं नाही, घेतलं तर गुण जातो. आणि लेकराच्या आईला दाराबाहेर बसवायचं, कारण आईचं काळीज आड येतं. ताईबाई म्हातारी झाली तेव्हा एके दिवशी तिनं सुनेला चुलीपाशी बोलावलं आणि म्हणाली, "मना हात आते कापतस. दाभण तू धर." विचारणं नाही, शिकवणं नाही. सुनेनं धरलं. सासूपुढे नाही म्हणायची कुणाची टाप होती?

भागाबाईनं स्वतःच्या हातानं दिलेला पहिला डाग भिकुबाईच्या पोराला. भिकुबाईची लेकरं जगत नव्हती. म्हणून हे जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं सुपात घालून उचलून आणलं आणि नाव ठेवलं उखर्डू. टाकाऊ वस्तूवर मरणाची नजर जात नाही, असा हिशेब. पण मरणाला फसवलं तरी घुरघुर फसली नाही. पोर श्वास घ्यायला लागलं की भाता ओढल्यासारखा आवाज यायचा, भिंतीपलीकडे ऐकू जायचा. भागाबाईनं डाग दिला. भिकुबाई दाराबाहेर पदर तोंडात कोंबून बसली होती. पोर किंचाळलं, किंचाळून थकलं आणि थकून गाढ निजलं. निजलेलं पाहून सगळ्यांनी म्हटलं, लागू पडला. पुढे उखर्डू चालायला लागला, बोलायला लागला, घुरघुर केव्हा गेली ते कुणी पाहिलं नाही. पण कुणी घालवली ते मात्र सगळ्या गावाला ठाऊक होतं.

तिथून भागाबाईचं नाव झालं. आजूबाजूच्या खेड्यांतून बैलगाड्या यायच्या. काही लेकरं जगली, काही गेली. जगली ती भागाबाईच्या हातगुणानं, गेली ती आपापल्या नशिबानं. असा न्याय जगात कुणाला मिळतो? डॉक्टरला मिळत नाही, वकिलाला मिळत नाही. भागाबाईला मिळाला, आणि तिनं तो निमूट घेतला. खोटं कशाला बोला, तिला तो आवडतही होता. उखर्डू तर उभा-आडवा वाढून कापसाच्या जिनिंगमध्ये हमालीला लागला, आणि रस्त्यात भेटला की चार माणसांत म्हणायचा, "अक्का, तुमनामुये मी आठे उभा शे." उन्हाळ्यात तो बनियनवर असला की पोटावरचे ते गोल वण दिसायचे. भागाबाईला ते आपल्या सहीसारखे वाटायचे.

साठीला टेकल्यावर मात्र तिला या कामाचा थकवा यायला लागला. गाडी दारात थांबली की ती घरातच रेंगाळायची, बाहेर यायला उशीर करायची. हे असं काबरं होतं, ते तिलाही कळत नव्हतं. गुडघे दुखायचे, कापूस वेचून पाठ मोडायची, त्याचंच हे, अशी ती स्वतःची समजूत घालायची.

आणि तेव्हाच तिच्या घरी आधार जन्माला आला. तिच्या एकुलत्या एक मुलाचा, पितांबरचा, पहिला मुलगा. पितांबर वीज मंडळात वायरमन. त्याची बायको लता रावेरकडची, केळीच्या मुलखातली, शाळा शिकलेली. पोर बाळसेदार होतं. पण पंधरा-वीस दिवसांचं झालं नाही तोच श्वास आत घेताना आवाज करायला लागलं. घुर्र, घुर्र. उताणं ठेवलं की जास्त, रडलं की जास्त, दूध पिताना तर विचारू नका. भागाबाई दळण निवडत होती. तिनं आवाज ऐकला आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

शेजारपाजार जमलाच. भिकुबाई तेव्हा हयात होती, म्हातारी झालेली. ती म्हणाली, "डबा शे. तुले काय सांगो लागस?" सगळ्यांनी भागाबाईकडे पाहिलं. पण लतानं पोर छातीशी धरलं आणि नवऱ्याला सांगितलं, "आधी जळगावला दाखवू. मग तुम्हाला काय करायचं ते करा." पितांबरनं आईकडे पाहिलं. भागाबाई म्हणाली, "दाखाडी आना. मी बी येस." तिला वाटलं होतं, डॉक्टर हात टेकतील आणि मग आपण आहोतच.

जळगावचे डॉक्टर हात टेकणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी पोराला तपासलं, उताणं ठेवलं, पालथं ठेवलं, कान लावून ऐकलं. पालथं ठेवल्यावर आवाज निम्मा झाला. मग ते लताला म्हणाले, "याच्या श्वासनळीचं तोंड अजून मऊ आहे. वाऱ्यात ओलं कापड फडफडतं ना, तसं श्वास घेताना ते आत ओढलं जातं आणि वाजतं. पोर वाढेल तसं घट्ट होईल. दीड-दोन वर्षांत आवाज आपोआप जाईल. पण दूध पिईनासा झाला, वजन वाढेना, ओठ निळे पडले, ताप येऊन बरगड्या खोल ओढायला लागला, तर एक मिनिट थांबायचं नाही, इकडे घेऊन यायचं."

"औषध?" पितांबरनं विचारलं.

"नाही लागत."

"निदान सुई तरी?"

डॉक्टर हसले. नाही म्हणाले. आणि जाता जाता, सगळ्यांनाच सांगत असावेत तसं, म्हणाले, "आणि डाग देऊ नका. फार येतात इथे डागलेली पोरं." त्यांनी शेजारच्या खाटेकडे बोट केलं. तिथे एक लेकरू होतं, पोटावर ताजे डाग, पिकलेले, आजूबाजूची कातडी लाल. आई त्याला वारा घालत होती. लेकराचं दुखणं छातीतलंच होतं, आणि त्यावर आता हे. भागाबाईनं पदर पुढे ओढला. तो डाग तिचा नव्हता, दुसऱ्याच कुठल्या गावचा होता. पण ठेवण तीच होती, बेंबीच्या आजूबाजूला.

औषध न देणारा डॉक्टर म्हणजे गावाच्या लेखी फुकट गेलेला प्रवास. लोक हसले. पितांबर चिडला. आधार मात्र घुरघुरत राहिला, आणि घरादाराची झोप त्या आवाजाला बांधली गेली. आवाज आला तर झोप नाही, आणि जरा थांबला तर लता दचकून उठायची, नाकाशी बोट धरायची. दिवसा ती उभ्या उभ्या पेंगायची, भाकरी करपायची. भागाबाई नातवाला मांडीवर पालथं घेऊन बसायची. पाठीवर हात ठेवला की घुरघुर तळव्याला लागायची. इतकी लेकरं तिच्या हाताखालून गेली, पण एकाचाही श्वास तिनं असा हातात धरून पाहिला नव्हता. डाग द्यायचा आणि निघून यायचं. नियमच तसा होता, त्या घरचं पाणीही प्यायचं नाही. मग त्या घरात पुढे काय झालं, हे दिसणार कसं?

नळावर बायका बोलायला लागल्या. सोताना नातूले काबरं नही देत डाग? आमची पोरं काय दगडाची होती? भागाबाईच्या कानावर ते आलं आणि तिला ते झोंबलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. दरम्यान दारात गाड्या येतच होत्या. पितांबरनं तिला युक्ती सांगितली, "माय, हात कापतात म्हणून सांग. कुणी वाईट वाटून घेणार नाही." तिनं तसं सांगायला सुरुवात केली. हात कापतस रे भाऊ, दवाखान्यात जा. सासूचंच वाक्य, फक्त सासूचे हात खरोखर कापत होते.

चैत्राच्या उन्हात एका दुपारी ती वावरातून घरी आली, तर चूल पेटलेली. या वेळेला चूल कशाला, म्हणून तिनं वाकून पाहिलं. निखाऱ्यात दाभण. शेजारी लता बसलेली, मांडीवर आधार, डोळे सुजलेले. सर्दी झाल्यानं पोराचा आवाज वाढला होता.

"आत्याबाई," लता म्हणाली, "देऊन टाका तुम्ही डाग. मी बाहेर बसते. डॉक्टर म्हणतात जाईल, जाईल. केव्हा जाईल? माझ्यानं आता हे ऐकवत नाही. लोकांच्या पोरांना तुम्ही बरं करता आणि माझ्याच पोराला का नाही?"

हीच पोरगी वर्षभरापूर्वी डागाच्या नावानं लेकरू छातीशी आवळून उभी होती. थकवा माणसाला कुठून कुठे नेऊन टाकतो. भागाबाईनं आधारला घेतलं. सवयीनं डाव्या हातानं त्याचं झबलं वर केलं, उजव्या हातानं फडक्यात दाभण धरलं. इतकी वर्षं हात हेच करत आले होते, हातांना विचारावं लागत नव्हतं. आधारनं आजीकडे पाहिलं आणि तो हसला. हसतानासुद्धा घुरघुरला. त्याचं पोट तिच्या बोटांखाली वर-खाली होत होतं, गरम, मऊ.

आणि तिला कळलं. तसं ते तिला आधीपासून कळत असावं, पण माणूस कळलेलं कळू देत नाही. डाग दिल्यावर लेकरू निजतं ते बरं होऊन नाही. रडून रडून जीव थकतो, म्हणून निजतं. बाहेर बसलेली आई ते निजणं पाहते आणि पाया पडते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, आणि कावळा म्हणतो फांदी मी मोडली.

तिनं दाभण पाण्याच्या घंगाळात टाकलं. चर्र झालं, आधार दचकला. "नही," ती म्हणाली. "तू नीज जाय. मी बसस याले लिसन." लता रडत रडत आडवी झाली आणि पडल्या पडल्या झोपली. भागाबाई संध्याकाळपर्यंत नातवाला मांडीवर घेऊन, त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. घुरघुर चालू होती. तिच्यापाशी त्यावर काही नव्हतं, आणि हे तिला पहिल्यांदाच कबूल करावं लागलं.

श्रावणात घरोघरी देवी कानबाई बसल्या. नैवेद्याचे रोट झाले, गाणी झाली, पाहुणे आले. त्या गडबडीत लता भाकरी थापता थापता थांबली. "आत्याबाई, ऐका." भागाबाईनं ऐकलं. काहीच ऐकू आलं नाही. आधार कोपऱ्यात बसून रोटाचा तुकडा चघळत होता आणि श्वास घेत होता, आवाजाशिवाय. आवाज केव्हा गेला कुणास ठाऊक. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात, मुंगी दिसते कुणाला? सगळं घर आनंदलं. शेजारणी म्हणाल्या, कानबाई पावली. पितांबरनं देवीपुढे नारळ फोडला. लता सासूच्या गळ्यात पडून रडली.

भागाबाई हसली, तिनं प्रसाद खाल्ला. मग नातवाला मांडीवर घेऊन त्याचं झबलं उगाच वर केलं. पोट स्वच्छ होतं. एक खूण नाही. त्या गोऱ्या पोटाकडे ती पाहत राहिली. हा काही न करता बरा झाला, म्हणजे बाकीचेही झालेच असते. आणि जे असे होणारच नव्हते, ज्यांना खरंच न्यायला हवं होतं, त्यांचा वेळ तिच्या दाभणानं खाल्ला. कोण कोण ती होती, हे तिला आठवायचं नव्हतं, पण आठवत होतं. एवढ्या आनंदात म्हातारीचे डोळे काबरं भरले, हे कुणी विचारलं नाही. आनंदानंच भरले असणार.

कार्तिकाच्या सुमाराला उखर्डू तिच्या दारात आला. भिकुबाई उन्हाळ्यातच गेली होती. उखर्डूची बायको धुरपदा मागे उभी, हातात दुपट्यात गुंडाळलेलं दोन महिन्यांचं पोर. त्यांचं पहिलं.

"अक्का, पोराले डबा व्हयना," उखर्डू म्हणाला. "दाभण काढा."

भागाबाईनं दुपटं बाजूला केलं. पोर तापानं भाजत होतं. श्वास भराभरा चालला होता, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता, आणि कण्हल्यासारखा बारीक आवाज येत होता. दूध सकाळपासून तोंडात घेतलं नव्हतं. हे आधारसारखं नव्हतं. ते ओळखायला काही मोठी विद्या लागत नव्हती. त्या डॉक्टरनं जे जे सांगितलं होतं ते ते समोर दिसत होतं.

"जयगावले ली जा," ती म्हणाली. "आत्तेच. मना हात कापतस रे भाऊ."

उखर्डू पुढे झाला. त्यानं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, हमालाचे हात, पोत्यांनी घट्टे पडलेले. "मी धरस तुमना हात," तो म्हणाला. "तुमी फक्त टेकाडा. माले तुमीच वाचाडं, अक्का. याले बी तुमीच वाचाडशात."

निमित्त संपलं होतं. तिचा हात त्याच्या हातात होता आणि मुळीच कापत नव्हता. खरं सांगितल्याशिवाय हा माणूस हलणार नाही, आणि खरं सांगितलं तर तिच्या उभ्या आयुष्याचं जे एकमेव नाव झालं ते इथेच, या उंबऱ्यात पडणार होतं. आणि नुसतं तिचंच नाही. उखर्डूला जन्मभर वाटत आलं की आपल्याला कुणीतरी मरणाच्या दारातून ओढून आणलं, तेही जाणार होतं. धुरपदाच्या हातातलं पोर कण्हत होतं.

"मी तुले नही वाचाडं, उखर्डू," भागाबाई म्हणाली. "तू तुना तू वाचना. डाग नसता दिधा तरी वाचता. आधार वाचना तसाच."

उखर्डूला ते आधी समजलंच नाही. मग समजलं. त्यानं तिचा हात सोडला. सदरा वर करून तो स्वतःच्या पोटाकडे पाहायला लागला, जणू तिथलं काही त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"मंग हाई काय शे, अक्का?"

"ते मंग सांगसू. आधी पोराले ली चाल. गाडी निंघी जाई."

ती त्यांच्याबरोबर गेली. पायात चप्पल घालायचंही सुचलं नाही. एसटीत पोर तिच्याच मांडीवर होतं, तोंडाजवळ कान नेऊन ती श्वास ऐकत होती. धुरपदा खिडकीशी रडत होती. या वेळी लेकराच्या आईला कुणी दाराबाहेर बसवलं नव्हतं, एवढाच फरक.

दवाखान्यात डॉक्टर तेच होते. त्यांनी पोर पाहिलं, नर्सला हाक मारली, नाकाशी नळी लागली, हाताला सुई लागली. कपडे काढताना त्यांनी सवयीनं विचारलं, "डाग दिलाय का कुठे?"

"नही," भागाबाई म्हणाली. "डागनारी मीच शे, साहेब. पन याले नही दिधा."

डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ते बोलणार असं वाटलं, पण हातात पोर होतं. "बाहेर बसा, आजी," ते म्हणाले. "वेळेवर आणलंत."

ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. वेळेवर आणलंत, हा शब्द तिला सुखाचा लागायला हवा होता. पण ज्यांना वेळेवर आणलं नाही ती लेकरं त्याच शब्दाला धरून एकेक करत आली आणि तिच्याशेजारी बसली. दुपार कलली तेव्हा नर्स येऊन सांगून गेली की पोराचा ताप उतरतोय, चमच्यानं दूध घेतलं. धुरपदा आत पळाली.

उखर्डू येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. त्यानं आणलेला चहा तिच्यापुढे ठेवला. चहावर साय धरली.

"तू इचारं व्हतं, हाई काय शे," भागाबाई शेवटी म्हणाली. "ते मी दिधं तुले. दाभण तापाडीसन. तुनी माय बाहेर बठेल व्हती. तू भलता रडना व्हता."

उखर्डूनं सदऱ्याची खालची गुंडी लावली. "माले याद नही, अक्का," तो म्हणाला.

"माले शे," भागाबाई म्हणाली.